धुक्यातील किनारप्रवास

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनाच्या या व्यासपीठावरून बहुधा शिक्षण, विवाहखर्च आणि वर्गणी या तीन विषयांवर भाषणे होत असतात, व ते योग्यही आहे. परंतु यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस निराळीच आज्ञा केली. २०१६ सालच्या जानेवारीत ज्ञातीतील काही तरुण मंडळींना बरोबर घेऊन आम्ही शिडाच्या मचव्याने दाभोळहून जयगडास गेलो होतो व वाटेत धुक्यात सापडलो होतो. त्या प्रवासातून काय शिकावयास मिळाले, ते सांगावे असा मंडळाचा आग्रह पडला. आम्ही व्यवसायाने दर्यावर्दी नव्हे. आमच्या घराण्यातील शेवटचा तांडेल आमच्या आजोबांबरोबर संपला. तथापि किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला समुद्राविषयी बोला म्हटले की नाही म्हणवत नाही. म्हणून आपणांपुढे उभे आहोत.

आपल्यांपैकी अनेकांच्या पूर्वजांनी मलबारपासून कच्छपर्यंत तारवे नेली. भात, कौले, नारळ, लाकूड, मीठ हा त्यांचा माल. पुढे आगबोटी आल्या, तारवे मागे पडली. मग गाड्या व सडका झाल्या आणि आगबोटीही गेल्या. आज आपली मुले कचेऱ्यांत, कारखान्यांत व संगणकाच्या पेढ्यांत उत्तम कामे करीत आहेत. त्यांचा समुद्राशी उरलेला संबंध नारळी पौर्णिमेच्या नारळापुरता आहे, असे म्हटल्यास त्यांना राग येऊ नये. याच कारणासाठी ही सफर योजिली होती. सात तरुण, त्यांपैकी दोन मुली. एक वृद्ध तांडेल, दोन खलाशी आणि आम्ही, अशी अकरा माणसे चौतीस फुटी मचव्यावर होतो. मचव्याला एक शीड व पंचवीस अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. तांडेल सत्तरी ओलांडलेले, आमच्याच ज्ञातीतील. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. सर्व मंडळी त्यांना ‘तांडेलमामा’ म्हणत, आम्हीही तसेच म्हणू.

प्रथम धुक्याविषयी थोडे बोलणे आवश्यक आहे, कारण कोकणच्या समुद्रावर धुके कोठून येते असे विचारल्यास सुशिक्षितांपैकीही पुष्कळजण निरुत्तर होतात. हवेत बाष्प असते. हवा थंड झाली की एका मर्यादेनंतर ते बाष्प तिच्या अंगी राहत नाही व सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. एक किलोमीटरच्या पलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे हवामानशास्त्रज्ञ त्यास धुके म्हणतात. आता हवा थंड होण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेस न्यूफाउंडलंडजवळ लॅब्रॅडॉरचा थंड प्रवाह व गल्फ स्ट्रीमचा उष्ण प्रवाह एकमेकांस भेटतात. तेथे उबदार दमट हवा थंड पाण्यावर आली की ऐन उन्हाळ्यात दिवसेंदिवस धुके हटत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला खोल समुद्रातील थंड पाणी वर येत असल्यामुळे तेथेही तोच प्रकार घडतो.

आपल्याकडचे धुके मात्र बहुतांशी समुद्राचे नव्हेच; ते जमिनीचे. मार्गशीर्ष-पौषाच्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशास देऊन टाकते. खाडीकाठची खाजणे, ओली शेते व नदीचे खोरे यांवर पहाटे धुक्याचा थर साचतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यास आपण मतलई म्हणतो. ही मतलई तो साचलेला थर खाडीच्या मुखातून दर्यावर आणून सोडते. समुद्राचे पाणी त्या दिवसांत हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे किनाऱ्यापासून काही मैल दूर गेल्यावर हा थर सामान्यतः विरत जातो. नऊ-दहाच्या सुमारास ऊन तापते, खारा वारा उलट बाजूने सुरू होतो आणि धुके नाहीसे होते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर धुक्याचे राज्य पाच-सहा तासांचे. परंतु मासेमारीच्या होड्या नेमक्या त्याच वेळी खाडीतून ये-जा करतात, व शिडाची तारवे मतलईचा लाभ घेण्यासाठी नेमकी त्याच वेळी बाहेर पडत. जो वारा नाव पुढे ढकलतो तोच धुके घेऊन येतो, ही कोकणच्या किनाऱ्याची एक गंमतच म्हणावयाची.

आम्ही दाभोळहून पहाटे साडेचारला ओहोटीबरोबर निघालो. आकाशात तारे स्वच्छ दिसत होते. टोळकेश्वराच्या दीपगृहाचा प्रकाश नियमाने फिरत होता. जयगड तेथून पंधरा-सोळा सागरी मैल. दुपारी बारापर्यंत सहज पोहोचू असा हिशेब होता, व तेथील ज्ञातिबांधवांनी स्वागताची आणि भोजनाची तयारी केली होती. सहाच्या सुमारास गुहागरच्या समोर आलो असू. मागे पाहिले तो दीपगृहाचा प्रकाश दिसेना. कोणी म्हणाले, उजाडू लागले म्हणून मंद झाला. तांडेलमामांनी मागे वळून एकदा पाहिले आणि ताबडतोब तीन गोष्टी केल्या. खलाशांना शीड उतरवावयास सांगितले. इंजिन अगदी हळू केले. आणि आमच्याकडे वळून, किती वाजले, होकायंत्र कोठे आहे व दीपगृह शेवटचे कधी दिसले हे वहीत लिहून ठेवावयास सांगितले. तोपर्यंत आमच्या डोक्यावर तारे दिसतच होते! धुके प्रत्यक्ष आम्हांपर्यंत पोहोचण्यास आणखी दहा मिनिटे लागली. ते पोहोचले तेव्हा नाळेवर उभा असलेला खलाशी सुकाणूवरून दिसेनासा झाला.

या दहा मिनिटांविषयी आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. धुक्यात शिरल्यानंतर जे करावयाचे ते शिरण्यापूर्वीच करून ठेवणे, यात मामांचे निम्मे कौशल्य होते. आपण कोठे आहोत हे नक्की ठाऊक असलेला अखेरचा क्षण कागदावर उतरला पाहिजे. पुढचे सारे गणित त्या क्षणापासून मोजावयाचे असते. वेग, दिशा आणि वेळ यांवरून जागा काढणे यास आम्ही शाळेत उदाहरणसंग्रहातील त्रैराशिक समजत होतो. येथे त्यात ओहोटीचा ओढ व मतलईचा रेटा हे दोन न दिसणारे आकडे मिसळलेले असतात, आणि उत्तर चुकले तर गुरुजी छडी मारीत नाहीत, खडक मारतो.

मामांनी नंतर काढलेले साधन पाहून तरुण मंडळींस हसू आले. एका लांब दोरीला शिसाचे वजन बांधलेले, त्याच्या बुडाला खोलगट भाग व त्यात मेण भरलेले. दोरीला ठराविक अंतरावर चिंध्या व चामड्याच्या पट्ट्या बांधलेल्या, म्हणजे अंधारातही हाताच्या स्पर्शाने खोली समजावी. माप अर्थात वावेचे. दोन्ही हात पसरले म्हणजे होते ती वाव. इंग्रजांचा फॅदम, ज्यास ते सहा फूट मानतात, तोही मुळात पसरलेल्या हातांचाच. दोन दूरच्या समाजांतील खलाशांनी समुद्र मोजावयास एकच गज वापरला, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटले. असो. खलाशाने वजन पुढे फेकले, दोरी उभी झाली तेव्हा नऊ वाव सांगितले. मेणाला चिकटून वर आला तो मऊ चिखल. मामांनी तो बोटांत चुरून पाहिला व मचव्याची नाळ पूर्वेकडे, म्हणजे किनाऱ्याकडे, वळविली.

येथे वादास तोंड फुटले. आमच्यातील एक तरुण अभियंता आहे, हुशार व सालस. त्याच्या हातातील दूरध्वनीत उपग्रहांच्या साहाय्याने नकाशावर आपली जागा दाखविणारी सोय होती. तिच्यात मचव्याचा निळा ठिपका गुहागरसमोर स्पष्ट दिसत होता. तो म्हणाला, ‘‘तांडेलमामा, आपण कोठे आहोत हे दहा-पंधरा हातांच्या फरकाने कळते आहे. खडक कोठे आहेत तेही नकाशात आहे. मग थांबावयाचे कशाला? किनाऱ्याकडे जाणे तर उलट धोक्याचे.’’ बाकीच्यांनाही ते पटले. जयगडला पानांवर माणसे खोळंबतील, ही चिंता होतीच.

मामांनी उत्तर दिले ते आम्ही वहीत टिपून ठेवले आहे. ते म्हणाले, ‘‘पोरा, आपण कोठे आहोत हे तुझ्या डबीला ठाऊक आहे. दुसरा कोठे आहे हे तिला ठाऊक नाही. बाहेर नऊ-दहा वावांत मोठी जहाजे हिंडतात. पाच वावांत त्यांचे पोट टेकते. आपले टेकत नाही. तेव्हा जेथे मोठा येऊ शकत नाही तेथे जाऊन बसायचे.’’

हे तर्कशास्त्र इतके सरळ होते की अभियंता गप्प झाला. त्या पट्ट्यात अलीकडच्या काळात अजस्र मालवाहू जहाजे येऊ लागली आहेत. तसले जहाज भरलेले असता सहज सात-आठ वाव पाणी घेते. त्याच्या नाळेवरून आमचा मचवा दिसलाही नसता, आणि दिसला असता तरी ते जहाज मैलाच्या आत थांबले नसते. उथळ पाणी हा सामान्यतः शत्रू. धुक्यात लहान नावेला तेच कवच होते. मात्र त्यासाठी तळ मऊ व मोकळा असल्याची खात्री पाहिजे, आणि ती खात्री मेणाला चिकटलेल्या चिखलाने दिली. दर दोन मिनिटांनी वजन फेकीत, आठ वाव, सात, साडेसहा अशी गणती करीत आम्ही पाच वावांवर आलो. तेथे रेती लागू लागली. मामांनी इंजिन बंद करविले व सर्वांना गप्प बसविले. पूर्वेकडून लाटांचा आवाज आला, लांबच लांब, एकसारखा घरंगळणारा. ‘‘ही गुहागरची पुळण. खडकावर फुटणारी लाट तुटक वाजते,’’ असे म्हणून त्यांनी नांगर टाकविला. पाठोपाठ कोंबडा आरवलेला ऐकू आला, आणि चुलीच्या धुराचा वास आला. उपग्रहाचा ठिपकाही तेच सांगत होता, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. दोन साधनांचे एकमत झाल्यावर मामांनी अभियंत्याच्या पाठीवर थाप मारली व डबी कोरडी ठेवावयास सांगितले.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही यंत्रांच्या विरुद्ध आहोत. जुने ते सर्व सोने, असे म्हणणारे गृहस्थ आजारी पडले की सर्वांत नवे औषध मागतात. आमचा मुद्दा इतकाच की दोन साधनांत विरोध आला म्हणजे माणूस आपल्या इच्छेला अनुकूल असेल ते साधन खरे मानतो. याचे सर्वांत दारुण उदाहरण अमेरिकन आरमाराच्या इतिहासात आहे. १९२३ सालच्या सप्टेंबरच्या ८ तारखेस चौदा विनाशिका सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेस सॅन डिएगोकडे निघाल्या. कॅलिफोर्नियाचा धुकट किनारा, वेग ताशी वीस सागरी मैल, आणि प्रत्येक नौका पुढच्या नौकेच्या मागोमाग. अग्रनौका ‘डेल्फी’. तिच्यावरील अधिकाऱ्यांनी वेग आणि वेळ यांच्या गणिताने आपली जागा ठरविली होती. किनाऱ्यावरील बिनतारी केंद्र दिशा कळवीत होते, व त्या दिशांवरून नौका समजतात त्यापेक्षा बऱ्याच उत्तरेस आहेत असे निघत होते. बिनतारीने दिशा शोधण्याची ती विद्या त्या वेळी नवी होती. अधिकाऱ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पाण्याची खोली मोजावयाची तर वेग कमी करावा लागला असता, आणि सरावासाठी वेग राखावयाचा होता. रात्री नऊ वाजता सांता बार्बराच्या खाडीत शिरतो आहोत अशा समजुतीने ‘डेल्फी’ पूर्वेस वळली. पाच मिनिटांत ती होंडा पॉइंटच्या खडकांवर आदळली. तिच्या मागोमाग आणखी सहा नौका. सात विनाशिका गेल्या आणि तेवीस खलाशी मृत्यू पावले. मागे असलेल्यांपैकी ज्यांनी वेळीच वेग आवरला व वाट सोडली त्या वाचल्या.

या गोष्टीत आम्हांस दोन बाबी फार विचार करण्याजोग्या वाटतात. तेथे नव्या यंत्राचे म्हणणे बरोबर होते व जुने गणित चुकले. गुहागरसमोर जुनी दोरी व नवी डबी दोन्ही बरोबर होत्या. म्हणजे प्रश्न नव्याजुन्याचा नाही. आणि दुसरी बाब अशी की मागच्या सहा नौकांवरील माणसे मूर्ख नव्हती. पुढारी जातो तिकडे जाणे ही त्यांची शिस्त होती. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर यापेक्षा अधिक बोलणे आम्हांस सोयीचे नाही! (हशा.)

आता नांगरावर असतानाची हकीकत. समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले व १९७७ पासून अमलात आहेत. त्यांत धुक्यातील आवाजांची एक भाषाच आहे. यंत्राने चालणाऱ्या जहाजाने दोन मिनिटांच्या आत एक दीर्घ नाद करावयाचा, चार ते सहा सेकंदांचा. यंत्राचे जहाज चालू प्रवासात पण पाण्यात थांबलेले असेल तर दोन दीर्घ नाद. शिडाच्या व मासे धरण्यात गुंतलेल्या नौकांनी एक दीर्घ व दोन ऱ्हस्व. नांगरलेल्या जहाजाने दर मिनिटास पाच सेकंद घंटा जलद वाजवावयाची. बारा मीटरांहून लहान नावेला ही नेमकी खूण बंधनकारक नाही, पण काही तरी परिणामकारक आवाज तिने केलाच पाहिजे. आमच्या मचव्यावर पूजेची घंटा, एक शंख व भात वाढावयाची पितळी परात एवढी सामग्री होती. मामांनी परात एका मुलीच्या हातात दिली व दर मिनिटाला बडवावयास सांगितले. शंख दुसरीने घेतला. मुलांपैकी एकालाही तो धड फुंकता येईना.

पश्चिमेकडून एका मोठ्या जहाजाचा दीर्घ नाद मधून मधून येत होता. मामांनी तिघा तरुणांना डोळे मिटून त्या आवाजाकडे बोट करावयास सांगितले. डोळे उघडले तेव्हा तीन बोटे तीन दिशांना होती, आणि त्यांतील एक जवळजवळ दक्षिणेस. धुक्यात आवाज दिशा लपवितो, अंतरही लपवितो. कानाला जवळ वाटणारे दूर असते व दूर वाटणारे जवळ. या विषयावर विलायतेत जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने १८७३ साली डोव्हरजवळच्या साउथ फोरलंड येथे कर्णे, शिट्या व तोफा यांचे दीर्घकाळ प्रयोग केले होते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आवाज दोन-तीन मैलांत नाहीसा व्हावा आणि दाट धुक्यात तो त्याहून पुष्कळ दूर ऐकू यावा, असाही अनुभव त्यास आला. धुक्याचे थेंब आवाजास फारसे अडवीत नाहीत. हवेतील उष्ण व थंड, कोरडे व दमट असे न दिसणारे थर त्यास वळवितात आणि परतवितात. धुके थोपविण्याचा उपाय नसल्याने माणसाने आवाजाचा आश्रय केला. कॅनडात सेंट जॉन बंदरासमोरील पार्ट्रिज बेटावर वाफेचा पहिला भोंगा १८५९ साली बसला. पण ऐकणाऱ्याच्या कानाला लागणाऱ्या भुलीवर अद्याप औषध निघालेले नाही. ‘‘ऐकू आले म्हणजे कोणीतरी आहे एवढेच खरे,’’ असे मामा म्हणाले, ‘‘कोठे आहे हे पुढच्या आवाजाला कळेल.’’

आठच्या सुमारास दक्षिणेकडून यंत्राची धडधड ऐकू येऊ लागली. ही रात्रीची मासेमारी आटोपून परतणाऱ्या ट्रॉलरची, हे खलाशांनी लगेच ओळखले. धडधड वाढत गेली. मामांनी परात थांबू न देण्याची खूण केली व स्वतः घंटा घेतली. शंखही वाजत होता. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घातलेलीच होती. मामांनी मुलांना मचव्याच्या उजव्या कडेला उभे केले व एका खलाशास नांगराच्या दोरीवर कोयता घेऊन बसविले. त्या एक-दोन मिनिटांत कोणी कोणाशी बोलले नाही. आम्ही वयाने सर्वांत वडील असूनही आमचे हातपाय गार पडले होते. मग एकदम धुक्यातून एक हिरवी नाळ बाहेर आली. तिच्यावर एक पोरगेलासा खलाशी बसला होता. त्याने हात उंचावून मागे ओरडून काही सांगितले, नाळ वळली आणि तो ट्रॉलर आमच्या मागच्या बाजूने तीस-चाळीस हातांवरून निघून गेला. त्याच्या लाटेने मचवा चांगलाच हेलावला. परात वाजविणारी मुलगी वाजवीतच होती. थांब असे दोनदा सांगावे लागले.

पुढे जयगडात त्याच खलाशाची गाठ पडली. त्याने सांगितले की त्यांच्या केबिनीत दोन पडदे आहेत, जागा दाखविणारा व मासे दाखविणारा, आणि दोन्ही चालू होते. आमचा लाकडी मचवा त्यांतील एकातही उमटला नाही. त्याला घंटा ऐकू आली नव्हती, शंखही नव्हता. परातीचा आवाज आला, व त्यास वाटले की पुळणीच्या फार जवळ आलो आणि कोणाच्या तरी दारी लग्न आहे. म्हणून तो ओरडला. नाळेवर पाहारेकरी बसविण्याची चाल त्यांच्या नावेवर अजून होती हे आमचे नशीब. यंत्र चांगले असले म्हणजे पाहारेकऱ्याला झोपावयास पाठवितात, अशी तक्रार जयगडातील अनेक जुन्या मंडळींनी त्या दिवशी आमच्याजवळ केली.

अशीच गोष्ट जगातील फार मोठ्या जहाजांची झाली आहे. १९५६ सालच्या जुलैच्या २५ तारखेस रात्री नँटकेटजवळ ‘आंद्रेआ डोरिआ’ हे इटालियन व ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज यांची टक्कर झाली. दोघांजवळही रडार होते, आणि रडारच्या पडद्यावर दोघांनी एकमेकांस बऱ्याच आधी पाहिले होते. ‘आंद्रेआ डोरिआ’ धुक्यात होते तरी त्याचा वेग ताशी एकवीस सागरी मैलांहून अधिक होता. पडद्यावरील ठिपका पाहून एकाने डावीकडे वळावे, दुसऱ्याने उजवीकडे, आणि त्यामुळेच दोघे एकमेकांवर यावेत, असे घडले. एकावन्न माणसे मृत्यू पावली. जहाज बुडावयास अकरा तास लागले, व मदतीस इतर जहाजे धावून आली, म्हणून सोळाशेंहून अधिक लोक वाचले. जुन्या नियमांत धुक्यात ‘माफक वेग’ असावा असे म्हटले होते. हल्लीच्या नियमांत ‘सुरक्षित वेग’ असा शब्द आहे. सुरक्षित कशास म्हणावयाचे हे नियम आकड्यात सांगत नाही. मामांचा आकडा ठरलेला होता. जेवढे दिसते त्याच्या अर्ध्यात नाव उभी करता आली पाहिजे. दुसरा अर्धा समोरच्याचा. काहीच दिसत नसेल तर वेग शून्य.

धुके विरले ते पावणेदहाला. प्रथम वरचे आकाश पांढरे झाले आणि डोलकाठीचे टोक दिसू लागले. मग सूर्य ओळखू आला, व थोड्याच वेळात गुहागरच्या माडांची रांग पायथ्यापासून शेंड्यापर्यंत मोकळी झाली. भोंगा वाजविणारे ते मोठे जहाज चांगले चार-पाच मैलांवर क्षितिजाशी होते. आमच्यापैकी प्रत्येकाने ते अर्ध्या मैलावर असल्याची पैज मारली असती. खारा वारा सुटेपर्यंत इंजिनावर आणि नंतर शिडावर, वेळणेश्वर, हेदवी ही गावे डावीकडे टाकीत आम्ही साडेतीनला जयगडच्या खाडीत शिरलो. बाराचे जेवण चारला झाले. यजमान मंडळींस आम्ही नांगरावरूनच निरोप पाठविला होता, आणि त्यांनी ‘सावकाश या, धुक्यात निघू नका’ असे उलट कळविले होते. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांनी घाई केली नाही म्हणजे समुद्रावरील माणसाचे निम्मे ओझे उतरते. विशेषतः मुलांना फटफटीवरून किंवा गाडीने रात्रीच्या प्रवासास पाठविणाऱ्या आयाबापांनी हे ध्यानात ठेवावे, असे जाता जाता सुचवितो. पौषात घाटांत पडणारे धुकेही दाभोळच्या धुक्याचेच सख्खे भावंड आहे, आणि पुढे भाजावळीच्या दिवसांत त्यात धूर मिसळला की ते अधिकच दाट होते.

परतल्यावर त्या अभियंत्याने एक चांगले काम आरंभिले. मामांना समोर बसवून, दाभोळपासून रत्नागिरीपर्यंत कोठे किती वावांवर चिखल, कोठे रेती, कोठे शिंपल्यांचा चुरा, कोणत्या पुळणीचा आवाज कसा, कोणत्या खाडीतून धुके अधिक येते, हे तो वहीत उतरवून घेऊ लागला. अर्धी वही झाली होती तोच, २०१९ साली, मामा गेले. बोऱ्याच्या दक्षिणेकडील पाने कोरी राहिली आहेत. नकाशे छापील मिळतात, खोलीचे आकडेही मिळतात. पण खडकावरची लाट व पुळणीवरची लाट यांतील फरक नकाशात छापलेला नाही.

आमच्या माहितीप्रमाणे आपल्या ज्ञातीतील किमान काही घरांत जुन्या तांडेलांच्या वह्या, मालाच्या हिशेबांची बाडे, होकायंत्रे व शिसाची वजने अद्याप माळ्यावर पडून आहेत. काहींनी वजने रद्दीवाल्यास शिशाच्या भावाने घातली, असेही ऐकतो. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या संस्थेच्या चिटणिसांकडे पाहण्यासाठी पाठवाव्यात. पानांची छायाचित्रे घेऊन मूळ वही पंधरा दिवसांत परत करण्याची जबाबदारी तरुण मंडळाने पत्करली आहे. मोडी अक्षर वाचता येणारे दोन गृहस्थ आपल्यात आहेत, त्यांनी सवड देण्याचे कबूल केले आहे. ज्यांच्या घरी वह्या नाहीत पण दर्यावर गेलेले ऐंशी-पंच्याऐंशीचे कोणी आजोबा आहेत, त्यांनी संमेलन संपण्यापूर्वी आपले नाव व गाव दाराशी बसलेल्या मुलीजवळ लिहून द्यावे. परात वाजविणारी ती हीच.